विहिरीचे पाणी आणि स्वयंपाकघरातला नळ



मे महिना सरत आला आहे. विहिरींनी तळ गाठला आहे आणि पंधरवड्यात मृगाचा पाऊस दारात उभा राहील. आपल्या जोयडा तालुक्याला पाण्याची वाण नाही. काळी नदी इथेच डिग्गीच्या डोंगरात उगम पावते. १९८७ साली पुऱ्या झालेल्या सूपा धरणाखाली जुने सूपा गाव बुडाले, त्या गावच्या कित्येक कुटुंबांचे वंशज आज रामनगरात राहतात आणि हे पान वाचतात. इतके पाणी भोवती असूनही प्यायचे पाणी मात्र बहुतेकांच्या घरी परसातल्या बांयचेच असते. म्हणून या वेळी शेतीचा विषय बाजूला ठेवून विहिरीबद्दल लिहीत आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत एक मोठा बदल झाला. रहाट आणि पोहरा गेला, पंप आला. गच्चीवर किंवा माडीच्या बाजूला काळी प्लास्टिकची टाकी बसली, आणि स्वयंपाकघरात नळ आला. घरच्या बायांचे कळशा वाहायचे कष्ट वाचले, ही फारच चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक चुकीची समजूतही घरात शिरली, ती ही की नळातून येते ते स्वच्छ. शहरात नळामागे पाणी शुद्ध करणारे केंद्र असते. आपल्या नळामागे फक्त विहीर, एक पंप, एक पाइप आणि एक टाकी आहे. पोहऱ्याने पाणी काढत होतो तेव्हा निदान दिवसातून दोनदा कोणीतरी विहिरीत डोकावत असे. बेडूक मेला, पाला कुजला, पाण्याला तवंग आला, तर ते ताबडतोब दिसे. आता महिनोन्‌महिने कोणी विहिरीत पाहत नाही.

लोक तक्रार घेऊन येतात ती बहुधा रंगाची. पाणी तांबडे येते, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळपट होतो, भाताला पिवळट झाक येते. याचे कारण बहुतेक वेळा लोह. आपला मुलूख जांभ्याचा, आणि जांभ्या दगडाचा तांबडा रंगच मुळी लोहाचा. घरच्या घरी खात्री करायची असेल तर पेरूची चार पाने चुरडून पेलाभर पाण्यात टाका. पाणी थोड्या वेळात जांभळट-काळे झाले तर त्यात लोह आहे. चहा काळा पडतो तोही याच कारणाने. डाग तांबडे नसून काळे असतील आणि टाकीच्या तळाशी काजळीसारखा साका बसत असेल तर मँगनीजचा संशय घ्यावा. आपल्या तालुक्यात एके काळी मँगनीजच्या खाणी होत्या हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. जांभ्या जमिनीतले पाणी पुष्कळदा किंचित आंबट असते, म्हणजे जिभेला कळणारे आंबट नव्हे, पण आम्लधर्मी. भारतीय मानकाप्रमाणे प्यायच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा, आणि जांभ्यातल्या विहिरी अनेकदा त्याच्या खाली भरतात. असे पाणी लोखंडी पाइपाला आतून खाते. म्हणजे काही घरांत तांबडे पाणी विहिरीतून येत नाही, ते जुन्या गॅल्व्हनाइज्ड पाइपातून येते. ओळखायची खूण सोपी आहे. एक बाटली थेट विहिरीतून दोरीने भरा आणि एक बाटली पहाटेच्या पहिल्या नळाची भरा. विहिरीची स्वच्छ आणि नळाची तांबडी असेल तर गाळणी विकत घेऊ नका, पाइप बदला. पितळी तोटीच्या खाली मोरीत निळसर-हिरवा डाग पडत असेल तर तीही याच आंबटपणाची खूण. अशा घरी पहाटेचे पहिले बादलीभर पाणी अळवाला किंवा केळीला घालावे आणि त्यानंतरचे स्वयंपाकाला घ्यावे.

आता खरे सांगायचे ते सांगतो. तांबड्या पाण्याने कपडे खराब होतात, माणूस सहसा आजारी पडत नाही. आपल्या मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम घातली आहे, ती मुख्यतः चव, रंग आणि डाग यांच्यासाठी. माणसाला आजारी पाडते ते पाणी बहुधा काचेसारखे स्वच्छ दिसते. हगवण, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही. म्हणून ज्या घरी तांबडे पाणी येते तिथे काळजी घेतली जाते, आणि ज्या घरी नितळ पाणी येते तिथे पोरे न उकळलेले पाणी ढोसून आजारी पडतात, असे उलटे घडते.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या वस्त्यांत, गिलन-बारे नावाच्या आजाराची लाट आली. आधी जुलाब-उलट्या, मग हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. अनेक रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि संशयाचे बोट तिथल्या विहिरीच्या पाण्याकडे गेले. पुण्यासारख्या शहरात, जिथे पावलोपावली डॉक्टर आहेत, तिथे हे झाले. आपल्याकडे एखादे माणूस अत्यवस्थ झाले तर दांडेली, बेळगाव किंवा गोवा गाठावा लागतो, आणि पावसात रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

हे जंतू विहिरीत येतात कुठून? माणसाच्या आणि जनावराच्या विष्ठेतून. गेल्या दहा-बारा वर्षांत घरोघर संडास झाले, ही आनंदाची गोष्ट. उघड्यावर बसायची लाज संपली, बायाबापड्यांचे हाल संपले. पण बहुतेक ठिकाणी संडासाला शोषखड्डा आहे, आणि खड्डा खणताना जागा सोयीची पाहिली गेली, विहीर किती लांब आहे ते पाहिले गेले नाही. जांभा हा भोकाभोकांचा दगड. उन्हाळ्यात पाणी पंचवीस-तीस फूट खाली असते तेव्हा खड्ड्यातले पाणी मुरता मुरता गाळले जाते. श्रावणात तीच विहीर काठोकाठ भरते, भोवतालच्या जमिनीतले पाणीही तितकेच वर येते, आणि मग खड्डा व विहीर यांच्यामध्ये गाळायला माती उरतच नाही. जुना नियम असा की विहीर आणि संडास यांत निदान ५० फूट अंतर हवे. जांभ्यात आणि उतारावर ते जितके जास्त ठेवता येईल तितके चांगले, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला तर कधीच नको. गोठा, शेणकी आणि डुकरांचा खुराडा यांनाही हाच नियम लावावा. ज्यांचा खड्डा आधीच जवळ झाला आहे त्यांनी, नवा खड्डा होईपर्यंत, पावसाळ्याचे चार महिने प्यायचे पाणी उकळल्याशिवाय घेऊच नये.

विहिरीची डागडुजी पाऊस लागण्याआधी करणे अगत्याचे आहे. कठडा निदान अडीच फूट उंच हवा. भोवती तीन फूट रुंद सिमेंटचा ओटा हवा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार, आणि सांडलेले पाणी लांब नेणारी नाली. आपल्या चिरेबंदी विहिरी दिसायला सुरेख, पण चिऱ्यांचे सांधे मोकळे असतात. आरोग्यशास्त्राची पुस्तके सांगतात की वरून २० फुटांपर्यंत आतले बांधकाम पाणी न झिरपणारे असावे, म्हणजे वरचे गढूळ पाणी बाजूने आत न येता खोल मुरूनच येते. वीस फूट एका वर्षात झेपणार नाही हे मला कळते. वरचे सहा-आठ फूट सांधे सिमेंटने भरून घेतलेत तरी पहिल्या पावसाचे लोट आत येणे पुष्कळ कमी होईल. तोंडावर जाळी बसवा, नुसत्या झावळ्या टाकून भागत नाही, त्या कुजून आतच पडतात. आणि ओट्यावर कपडे धुणे, भांडी घासणे, म्हैस धुणे बंद करा. नळ घरात आल्यावरही ही सवय काही घरी सुटलेली नाही!

पंपाबद्दल दोन शब्द. फूट व्हॉल्व्ह गळका असला की पंप हवा धरतो, आणि मग घरचा माणूस जवळ जे दिसेल ते पाणी, कधी डबक्यातले, पंपात ओतून तो सुरू करतो. ते पाणी थेट टाकीत आणि तिथून स्वयंपाकघरात जाते. व्हॉल्व्ह बदलून घ्या. पाइपाचे तोंड तळापासून एक-दोन फूट वर असू द्या, म्हणजे गाळ ओढला जात नाही. टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासावी, एकदा आता आणि एकदा पाऊस संपल्यावर. झाकण घट्ट हवे, आणि जादा पाणी पडायच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. टाकी घासताना पालीचे सांगाडे निघाल्याच्या गोष्टी तुम्हीच मला सांगितल्या आहेत.

आता ब्लीचिंग पावडर. तिच्याबद्दल आपल्या लोकांत उगाच भीती आहे. मोजून घातली तर ती निरुपद्रवी आहे, अंदाजाने मूठभर फेकली तर निरुपयोगी किंवा त्रासदायक. मोजायचे असे. विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी २२ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते. ८ फूट व्यास आणि १० फूट पाणी असेल तर ८ गुणिले ८ गुणिले १०, म्हणजे ६४०, गुणिले २२, म्हणजे सुमारे १४,००० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, कोरडी पावडर लागते, म्हणजे या विहिरीला ३५ ग्रॅम. किराणा दुकानात तोलून घ्या.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ लापशीसारखी करा, मग बादली पाऊणभर भरा, ढवळा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. खाली चुना बसतो. वरचे निवळ पाणी तेवढे दुसऱ्या बादलीत काढून घ्या, चुना विहिरीत टाकू नका. ती बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली हलवा, म्हणजे औषध सगळीकडे मिसळते. हे रात्री निजण्यापूर्वी करावे. निदान एक तास तरी पाणी काढू नये, रात्रभर थांबलात तर उत्तम. सकाळी नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. अजिबात नसेल तर पाण्यातल्या घाणीने औषध खाऊन टाकले असे समजा आणि पुन्हा मात्रा द्या. ज्यांच्या विहिरीत लोह आहे त्यांचे पाणी पावडर घातल्यावर अधिकच तांबडे होते, त्याने घाबरू नये. विरघळलेले लोह गंजून बाहेर पडते इतकेच. ते खाली बसू द्या. आपले आंबट पाणी या एका बाबतीत आपल्याला साथ देते, कारण क्लोरीन किंचित आम्लधर्मी पाण्यात अधिक जोमाने काम करतो. पावडर मात्र हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. आपल्या पावसाळ्यात उघडी पिशवी थोड्याच दिवसांत मरते. विहीर नुकतीच उपसली असेल किंवा पुराचे पाणी आत आले असेल तर वरची मात्रा पुरणार नाही, तेव्हा आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

पावसात रोज-आड-रोज हे कोण करणार, असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने दोन मडक्यांची युक्ती काढली. एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवायचे, दोन्हींना बोटभर जाडीचे एकेक भोक. आतल्यात १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची, तोंड प्लास्टिकने बांधायचे आणि पाण्याच्या पातळीखाली निदान तीन फुटांवर टांगायचे. औषध हळूहळू पाझरते. साडेचार हजार लिटरच्या लहान विहिरीला, रोजचा उपसा चारशे लिटरच्या आसपास असेल तर, हे दोन ते तीन आठवडे पुरते. मोठ्या विहिरीला एका जोडीने भागत नाही. आपल्याकडे चांगला कुंभार अजून आहे, त्याला सांगून ही मडकी करून घेता येतील.

तांबड्या पाण्यासाठी घरगुती गाळणीही सोपी आहे. पाणी उंचावरून भोकाभोकांच्या पत्र्यातून पावसासारखे पिंपात पडू द्या. हवा लागली की लोह गंजते आणि त्याचे कण होतात. तासाभराने ते पाणी दुसऱ्या पिंपातून गाळा, ज्यात तळाला खडी, वर जाड वाळू आणि सर्वांत वर दीड-दोन फूट धुतलेली बारीक वाळू. पाणी सावकाश येऊ लागले की वरचा इंचभर थर काढून धुवायचा. मधल्या टप्प्यात धुऊन, उकळून वाळवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा थर घातला तर पाण्याचा आंबटपणाही कमी होतो, कारण शिंपली म्हणजे चुनखडीच. कारवारकडच्या बाजारातून शिंपल्यांची पिशवी आणणे कठीण नाही. हे सगळे फक्त स्वयंपाकाच्या चाळीस-पन्नास लिटरांसाठी करावे, अंघोळीच्या पाण्यासाठी नव्हे. मँगनीज मात्र नुसत्या हवेने नीट निघत नाही. आणि लक्षात ठेवा, ही गाळणी रंग काढते, सगळे जंतू काढत नाही.

तुरटीविषयी विचारणा होते. गढूळ पाणी निवळायला तुरटी जुनी आणि चांगली. पण आपल्या हलक्या, आंबट पाण्यात ती नीट काम करत नाही आणि आंबटपणा आणखी वाढवते. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू मरतात असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे, आपल्या आज्यांची रीत खोटी नव्हती. फक्त पाणी फार आंबट असेल तर त्यात तांबेही जास्त उतरते, म्हणून आधी पीएच पाहून घ्यावा. जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने बांगलादेशातल्या ६५ गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटली, हे २००३ साली सिद्ध झाले. पण ते तळ्या-नदीच्या पाण्यात, जिथे पटकीचे जंतू सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात. विषमज्वराचा जंतू साडीतून आरामात जातो. मेणबत्तीची गाळणी चांगली, पण काविळीचे विषाणू तीतून निसटतात आणि मेणबत्ती आठवड्याला घासून उकळायला हवी.

शेवटी उकळणेच सर्वांत खात्रीचे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. जुन्या पुस्तकांतली दहा मिनिटे लाकडे वाया घालवतात. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून निवू द्या. काढताना लांब दांड्याचे ओगराळे वापरा, किंवा तोटीचे पिंप घ्या. उकळलेल्या पाण्यात पोराने हात घालून पेला बुडवला की सगळी मेहनत फुकट.

यंत्रे विकणारे आता खेडोपाडी फिरू लागले आहेत. एक प्रयोग ते हमखास दाखवतात. तुमच्या नळाच्या पाण्यात आणि त्यांच्या यंत्राच्या पाण्यात विजेच्या दोन-दोन कांड्या बुडवतात. तुमचे पाणी क्षणात घाणेरडे तपकिरी होते, त्यांचे स्वच्छ राहते. घरची माणसे घाबरून तिथेच पैसे मोजतात. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी कांडीच विरघळते, क्षार काढलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही. चिमूटभर मीठ त्यांच्या पेल्यात टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. आर. ओ. यंत्र खारट आणि जड पाण्यासाठी आहे. आपले पाणी बहुधा मुळातच हलके, त्यातले उरलेसुरले क्षार काढायला पंधरा-वीस हजार कशाला, आणि एक पेला पाणी गाळताना दोन-तीन पेले मोरीत जातात ते वेगळे. त्याच पैशात कठडा, ओटा आणि नवा पाइप होऊन जातो.

आणखी एक आपल्या घरचा विषय. २४ जूनला सांजांव. गोव्याची आपली रीत, डोक्यावर कोपेल घालून पोरे विहिरीत उड्या मारतात. संत योहानाच्या सणाला मी कोण आडवा येणार! पण वाड्यातली एकच विहीर त्यासाठी ठरवावी, शक्यतो बागायतीची, प्यायची नव्हे. त्याच रात्री तिला ब्लीचिंग पावडर द्यावी.

इतके करूनही घरात जुलाब लागले तर पहिल्या तासापासून पाजायला लागा. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीची हजारो माणसे वाचवली. डोळे पिवळे झाले तर झाडपाल्यावर विसंबून दिवस घालवू नका, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर, कारण पाण्यातून येणारी एक कावीळ तिच्या जिवावर बेतते. तिला त्याच दिवशी इस्पितळात न्या.

आपली विहीर बरी की वाईट हे पाहायला एक साधी बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेला, आपल्याकडे चुलीच्या मागच्या कोनाड्यात, ठेवायची. पाणी काळे झाले तर विहिरीत विष्ठेचा अंश आहे असे धरून चालावे. जलजीवन योजनेखाली गावोगावच्या बायांना पाणी तपासायला शिकवले आहे, तेव्हा ग्रामपंचायतीत संच मागून पाहा. पहिली तपासणी आता करा, दुसरी ऑगस्टमध्ये, विहीर भरलेली असताना. मे महिन्यातली स्वच्छ बाटली पाहून गाफील राहू नका. पीएचच्या पट्ट्या धर्मगुरुनिवासात ठेवल्या आहेत. रविवारच्या मिस्सानंतर दोन बाटल्या भरून आणाव्यात, एक विहिरीची आणि एक पहाटेच्या नळाची, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावावी.